कमरेला बांधलेला दोर

देशभरातल्या बचाव कर्मचाऱ्यांना काय शिकवायचं, कसं शिकवायचं, याचे एकसारखे नियम असावेत म्हणून सरकारनं समिती नेमली. समितीनं पहिले आठ महिने मुख्यतः चहा प्यायला. आगीच्या बंबवाल्यांना पुरातून माणसं काढणारे पूरवाले कच्चे वाटत, पूरवाल्यांना डॉक्टर अतिशहाणे वाटत आणि डॉक्टरांना सगळेच. तरी मसुदा रडतखडत 'वाहत्या पाण्यातून माणूस काढणे' या कलमापर्यंत आला. हे कलम मास्तरांचं. तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं, आणि त्यांच्या हाताखालून न गेलेला पूरवाला शोधूनही सापडला नसता.

आज मात्र मास्तरांना खुर्ची टोचत होती. कारण कोपऱ्यात टायपिंगला बसला होता त्यांचा सख्खा भाचा, दादू.

दादू पूर्वी बचाव पथकात होता. सहा वर्षांपूर्वी पुरात वाहून चाललेल्या एका माणसाकडे त्यानं दोर भरलेली पिशवी फेकली. नेम अचूक होता. पण दोराचं दुसरं टोक हातात धरायचं सोडून त्यानं कमरेला बांधलं होतं. ओढ बसली आणि दादूच पाण्यात गेला. त्याला सोडवायला जोडीदार उतरला. वाहून चाललेला माणूस पुढे झाडाला अडकून वाचला, दादूही वाचला. जोडीदार तेवढा गेला.

चौकशीत मास्तरांना विचारलं, "कमरेला बांधू नये, हे शिकवलं होतं?"

"शिकवलं होतं," मास्तर म्हणाले. अहवालात आलं, प्रशिक्षणार्थीचं दुर्लक्ष.

खरं वेगळंच होतं. मैदानावरच्या सरावात टोक हातातून निसटे, मग पोरं त्यामागे पळत आणि वेळ वाया जाई. म्हणून टोक कमरेला बांधायची युक्ती मास्तरांनीच काढली होती. शेवटच्या दिवशी तुकडी नदीवर न्यायची आणि बजावायचं, की इथे टोक हातातच, बांधलंत तर मेलात. दादूच्या तुकडीच्या शेवटच्या दिवशी मंत्री आले. भाषण झालं, फोटो झाले, प्रमाणपत्रं वाटली आणि नदी राहून गेली.

आणि दादू? मामा सांगितलं म्हणतो म्हणजे सांगितलंच असणार, माझंच लक्ष कुठे होतं कोण जाणे, असं धरून तो पथकातून बाहेर पडला. त्याची आईसुद्धा म्हणे, "पहिल्यापासून वेंधळाच हा!" मास्तर बहिणीकडे ताटावर बसून हे ऐकत आणि घास तोंडात फिरत राही. लाज वाटे, पण पुढच्या वेळी पुन्हा जेवायला जातच.

"या कलमाला एक उदाहरण हवं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शिकवलेलं ऐकलं नाही तर काय होतं, त्याचं. आणि प्रत्येकाकडून सही घेऊ, 'मला सांगितलं आहे' म्हणून. उद्या शिकवणाऱ्यावर बालंट नको."

बंबवाल्या साहेबांनी जोरात मान डोलावली.

"बाई, माझंच घाला की," दादू म्हणाला. "नाव तेवढं नको. कुणीतरी शहाणा होईल." मग मामाकडे वळून म्हणाला, "मामा, तू तेव्हा नेमकं कसं सांगितलं होतंस? तेच शब्द घालतो."

काहीतरी शब्द सांगितले असते तर खोटं देशभर शिकवलं गेलं असतं, तेही भाच्याच्या हातून.

"सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"म्हणजे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"दादूच्या तुकडीला. बांधायला मी शिकवलं आणि बांधू नका म्हणायचं राहिलं. चौकशीत खोटं बोललो मी."

"मास्तर, जरा विचार करून बोला," बंबवाले साहेब पुटपुटले.

"सहा वर्षं तेच करतोय, साहेब."

दादूनं शांतपणे टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "प्रशिक्षकाने सांगितले नव्हते." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

"दर रविवारी माझ्या जोडीदाराच्या आईकडे जायचो मी," दादू स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "औषधं द्यायला. दर वेळी विचारायच्या, 'बाळा, एवढं सांगितलं होतं, ऐकलं का नाहीस?' आणि मी म्हणायचो, 'चुकलं, आई.'"

"मी येतो," मास्तर घाईनं म्हणाले. "या रविवारी मी स्वतः सांगतो त्यांना. सगळं."

"त्या गेल्या, मामा. गेल्या महिन्यात." दादूनं आता कुठे त्यांच्याकडे पाहिलं. "जाताना मला माफ करून गेल्या."