सीटखालची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी हायब्रिड गाडी आहे, असं निदान माझ्या पाठीवरची पाटी सांगते. पाटीचं फार मनावर घेऊ नका. सध्या मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये धर्मराज मिस्त्रीच्या गॅरेजमागे उभी आहे. माझी दोन चाकं कुणाच्या तरी कामी आली, आरसे गेले, हॉर्नही गेला. हॉर्न असता तर तुम्हाला ही गोष्ट सांगत बसले नसते, सरळ बोंब मारली असती.

माझा जन्म झाला तेव्हा माझ्यात जादा बळ घातलं होतं. पेट्रोलचं इंजिन होतंच, शिवाय पुढच्या सीटखाली एक लहानशी दुसरी बॅटरी होती. ब्रेक लागला की ती वीज साठवायची. गाडी थांबली की इंजिन बंद व्हायचं आणि निघताना ती बॅटरी त्याला हात द्यायची. फार मोठा पराक्रम नव्हता हा. पण अंबरनाथच्या चौकात बाकीच्या गाड्या खोकत उभ्या असताना मी मात्र गप्प असायचे, आणि त्याचा मला गर्व होता.

माझा मालक कमलेश बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचा. मला घरी आणलं तेव्हा त्याच्या बायकोने, मनालीने, माझ्या चाकाखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर स्वस्तिक काढलं. शेजारची माणसं येऊन मला हात लावून जायची. मी चौकात गप्प झाले की मागचा रिक्षावाला ओरडायचा, गाडी बंद पडली वाटतं. कमलेश काच खाली करून त्याला हायब्रिड म्हणजे काय ते समजावून सांगायचा. सिग्नल सुटला तरी त्याचं सांगणं संपत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे सीटखालची बॅटरी दमली. नवी परवडेना, म्हणून कमलेश मला याच धर्मराजकडे घेऊन आला. धर्मराजने ती बॅटरी उपटून बाहेर काढली आणि म्हणाला, "आता ही सीधी पेट्रोलवर चालेल. पाटी राहू द्या शेठ, शोभा आहे." पाटी राहिली. सीटखाली मात्र एक रिकामं भगदाड पडलं. त्या दिवसापासून मीही सगळ्यांसारखी चौकात घुरघुरत धूर सोडू लागले. तेव्हा मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आणि अशी मी असताना मला टीव्हीवर काम मिळालं. 'नदीकाठची ईश्वरी' नावाची मालिका होती. तिची नायिका ईश्वरी ही नदी रक्षण पथकाची अधिकारी, आणि तिला पर्यावरण जपणारी गाडी हवी होती. कमलेशने माझी पाटी दाखवली, बाकी कुणी काही विचारलं नाही. माझ्या दारावर मोठं हिरवं पान रंगवलं, काचेवर पथकाचं नाव लावलं. वांगणीजवळच्या एका फार्महाउसवर शूटिंग सुरू झालं. झाडामागे डिझेलचा जनरेटर दिवसभर धडधडायचा आणि झाडापुढे ईश्वरी माझ्यावर हात ठेवून सांगायची, "ही गाडी श्वास घेते, धूर सोडत नाही." माझा धूर दिसू नये म्हणून कॅमेरा नेहमी पुढच्या बाजूने लावायचे. खोटं बोलू नये, मला ते आवडत होतं. इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणीच बोललं नव्हतं.

ईश्वरीचं काम करणाऱ्या नटीचं नाव अक्षदा. स्वभावाने वाईट नव्हती. उन्हात माझ्याजवळ उभ्या असलेल्या माणसांना आपल्या बाटलीतलं पाणी द्यायची.

एक दिवस आम्ही ओहोळाकाठी शूटिंग करत होतो. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, कडेवर टोपली. तिचं नाव विठा. शेजारच्याच पाड्यावर राहायची, काकडी आणि माठाची भाजी पिकवायची. तिने आधी माझ्या दारावरचं पान बघितलं, मग अक्षदाला बघितलं, आणि सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाय, मी तुला रोज बगतंय टीव्हीव," ती म्हणाली. "आमचे व्हळाचा पानी काला जालाय. म्हस पन तोंड लावत नाय. हिरीला पन त्योच वास. तू मोठी सायेब, तुजा आयकतील."

वरच्या अंगाला कुणीतरी ओहोळात काहीतरी सोडत होतं. दोन वर्षं पाड्याच्या बायका रेल्वे रुळांपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या, आणि अर्ज कुठे द्यायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विठाने टोपलीतून एक प्लास्टिकची बाटली काढली. आत विहिरीचं पाणी होतं. बाटलीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. नाव, पाडा, तारीख, सगळं कुणाकडून तरी नीट लिहून घेतलेलं होतं. मग तिने नारळ, मूठभर तांदूळ आणि खण काढला आणि भर उन्हात, माझ्या उघड्या दाराशी अक्षदाची ओटी भरली. मित्रांनो, ओटी भरली की ती बाई परकी राहत नाही, ती घरची लेक होते.

अक्षदाने पदर पुढे केला. ती काहीतरी सांगायला निघाली होती, मी तिचे ओठ हललेले पाहिले. पण समोर दिग्दर्शक हाताने खूण करत होता, थांबू नको, कॅमेरा चालू आहे. अक्षदा म्हणाली, "आजी, बाटली मी तपासायला देते. गुरुवारी निकाल सांगते." विठाने तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली आणि ती परत बांधावरून निघून गेली.

नंतर अक्षदा आणि दिग्दर्शक माझ्यात येऊन बसले. अक्षदा म्हणाली, "ही बाटली खरंच कुठेतरी द्यायला हवी. मी शब्द दिलाय तिला."

"देऊ ना," दिग्दर्शक म्हणाला. "आधी हा सीन एपिसोडमध्ये बसवू दे. असं खरं पुन्हा मिळायचं नाही."

बाटली पायात येत होती. अक्षदाने ती सीटखाली सारली, आणि जिथे माझी बॅटरी होती त्या भगदाडात ती जाऊन पडली. नारळ त्याच दुपारी शूटिंगच्या जेवणात फुटला, त्याची चटणी झाली. तांदूळ माझ्या सीटच्या शिवणीत सांडले, ते अजून तिथेच आहेत.

निकालाचा सीन त्याच आठवड्यात झाला, फार्महाउसच्या हिरवळीवर. अक्षदाच्या हातात काचेचा पेला दिला. पाणी शूटिंगच्या जारमधलं. ती माझ्या बॉनेटला टेकली आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "विठाआजी, तुमच्या विहिरीचं पाणी आता शुद्ध आहे. निर्धास्त प्या." तिच्या मागे मी उभी होते, माझं हिरवं पान झळकत होतं. साक्षीदार म्हणून मला उभं केलं होतं आणि बाटली माझ्या पोटात होती.

गुरुवारी अख्ख्या पाड्याने ते पाहिलं. त्यात विठा स्वतः दिसली, तिची टोपली दिसली, तिचा ओहोळ दिसला. तिचं नाव घेऊन सांगितलं होतं. मग ते खोटं कसं असेल?

मालिका संपली. सामान आणायला कमलेश मला घेऊन वांगणीला गेला होता, तेव्हा परत येताना रस्त्यात विठा दिसली. तिने पान ओळखलं आणि हात केला. कमलेशने गाडी थांबवली.

"सायेबबायला सांग," ती म्हणाली, "आमी आता घरचेच हिरीचा पानी पितो. रूल वलांडायला नको की काय नको. वास येतो अजून वाईच, पन तिनी तपासलाय ना, म्हनून पितो."

कमलेशचा हात स्टिअरिंगवर थांबला. "आजी, ते..." एवढंच तो म्हणाला. विठाने टोपलीतली काकडी काढून खिडकीतून त्याच्या हातात ठेवली, पहिल्या तोडीची, बायसाठी. पुढच्या मालिकेसाठीही मला घेणार असल्याचं कमलेशला कळलं होतं. त्याने काकडीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. "बरं आजी, सांगतो ताईंना," म्हणाला आणि गिअर टाकला.

वळणावर बाटली गडगडत सीटखालच्या पत्र्यावर आपटली. दोनदा आपटली. कमलेशला वाटलं, एखादा नट सुटलाय. पुढे जाऊन त्याने काकडीचा घास घेतला. ती कडूजहर होती. त्याने ती खिडकीतून फेकून दिली, पण मागे वळला नाही. मला त्या दिवशी जितकी माझी लाज वाटली तितकी धूर सोडतानाही वाटली नव्हती.

पुढची मालिका मला मिळाली नाही. माझा रंग उडाला, इंजिन बसलं आणि कमलेशने मला इथे आणून सोडलं. धर्मराजने अजून माझी सीट काढलेली नाही. बाटली तशीच आहे, चिठ्ठीवरची अक्षरंही वाचता येतात.

मित्रांनो, गाड्या जपून वापरा, धूर कमी करा, हे सांगायला तुम्हाला शाळेत बाई आहेत. मला त्याचा अधिकार उरलेला नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी वांगणीच्या बाजूला गेलं तर ओहोळाकाठच्या पाड्यावर जा आणि काकडी विकणाऱ्या विठाआजीचं घर विचारा. त्यांना सांगा, आजी, ते पाणी पिऊ नका. तुमची बाटली कुठेच पोचली नाही. ती माझ्याच सीटखाली आहे.