माहेरचा फ्रिज

महालक्ष्म्या बसल्या त्याच दुपारी दूध नासलं, आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे धोंडाबाईंनी, तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला.

"उद्या तुझे अण्णा जेवायला येऊन राहिले न्हवं? त्यांनाच सांगते, हा फ्रिज घेऊन जावा म्हणून."

फ्रिज माझ्या माहेरचा. लग्नात अण्णांनी दिलेला. भोकरहून मुखेडपर्यंत टेम्पोच्या हौद्यात उभं राहून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून आणला होता, खड्ड्यात आपटू नये म्हणून. त्या माणसाला भरल्या पंगतीत असलं ऐकवायचं? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. त्यात शिवमूर्ती मेकॅनिकने तेल ओतलं. आला, दार उघडलं, आत हात घातला आणि म्हणाला, "गॅस गेला." मागे वाकून पाहायचेही कष्ट घेतले नाहीत.

मला राग आला की माझं डोकं जास्त चालतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय मी नांदेडला बी.एस्सी. केलंय, आणि ते काही भिंतीवर टांगायला नाही. पुरणाची डाळ निवडायची सोडून मी फ्रिजपुढे ठाण मांडलं.

आतला दिवा लागत होता. स्टॅबिलायझरवर आकडा बरोबर होता. थंडी कमीजास्त करायचं बटण कुणी फिरवलेलं नव्हतं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली, तर निघेना. म्हणजे रबरही धड. मग कान लावून बसले. मोटर सुरू झाली, पाच-सात मिनिटं घरघरली आणि 'कट' करून बंद पडली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. गॅस गेला असता तर ती न थांबता धावत राहिली असती. ही तर तापून मधेच बसत होती.

मग मी फ्रिजच्या अंगावरून हात फिरवला. फ्रिजच्या म्हणजे साडीच्या.

महालक्ष्म्यांची आरास हा सासूबाईंचा जीव की प्राण. आमच्या बैठकीत कोपऱ्यात फ्रिज आणि त्याला लागूनच दरसाल महालक्ष्म्या उभ्या राहतात. 'देवीच्या शेजारी हे लोखंडी धूड बरं दिसतं का?' म्हणून यंदा त्यांनी दोन दिवस आधीच फ्रिजला वरून आणि दोन्ही बाजूंनी जरीच्या साड्या गुंडाळल्या होत्या. दार तेवढं मोकळं. साड्या सैल पडू नयेत म्हणून मागच्या फटीत गोधड्या कोंबलेल्या. फ्रिज आतली उष्णता पाठीतून आणि बाजूंतून बाहेर टाकतो. टाकणार कुठे? आम्ही त्याचा श्वासच कोंडला होता.

कारण सापडलं, आणि खरी पंचाईत तिथेच सुरू झाली.

"आत्याबाई, या साड्या काढाव्या लागतील."

"येडी हायस का? आवाहन झालंय. आता विसर्जनापतोर आराशीला हात लावायचा न्हाई."

"फक्त फ्रिजच्या..."

"न्हाई म्हनलं ना! एका फ्रिजपायी देवीची आरास मोडू?"

वाद घालून काही हाती लागणार नव्हतं. मी त्यांचा हात धरला, साडीखाली सारला आणि फ्रिजच्या अंगाला टेकवला. त्यांनी तो झटक्यात मागे घेतला.

"बाई गं! तवा हाय की ह्यो."

"ही धग सकाळपासून महालक्ष्म्यांना लागून राहिली, आत्याबाई. वीतभर तरी अंतर आहे का बघा."

यात खोटं अक्षर नव्हतं. सासूबाई मुखवट्यांकडे बघत राहिल्या. मग हात जोडले, "चुकलं माय," म्हणाल्या आणि स्वतःच एकेक टाचणी काढू लागल्या. गोधड्या मी ओढल्या. प्लग काढून तासभर फ्रिज निवू दिला, भिंतीपासून वीतभर पुढे घेतला आणि पुन्हा सुरू केला. दिवेलागणीला आतल्या बाटल्यांवर दव धरलं होतं. मी जिंकले होते, पण अर्धीच. सासूबाई त्यावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या, आणि शिवमूर्तीचा 'गॅस' तोवर गल्लीभर झाला होता.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. शेजारपाजारची माणसं, पाहुणे, आणि मधोमध अण्णा. त्यांचं लक्ष पहिल्यांदा फ्रिजकडेच गेलं. वाढायला आलेल्या सासूबाईंना त्यांनी स्वतःच विचारलं, "विहीणबाई, फ्रिज तरास देऊन राहिला म्हने. बाहेर ऐकलं. काय असंल तं सांगा, मी आजच बघतो."

माझ्या हातातलं कटाचं भांडं जागच्या जागी थांबलं. सगळी पंगत सासूबाईंकडे बघत होती.

"फ्रिजला काय धाड भरली?" त्या म्हणाल्या. "मीच त्याला साडी नेसवून गुदमरवलं व्हतं. तुमच्या लेकीनं सोडवलं. हुशार हाय ती. शिवमूर्तीला न्हाई कळलं, तिला कळलं."

पंगत हसली. सासूबाईंनी अण्णांच्या पुरणपोळीवर तुपाची धार धरली ती त्यांनी आडवा हात केला तरी थांबवली नाही. अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला एकदम भरून आलं. ताक आणायचं निमित्त करून मी फ्रिजकडे गेले आणि दार उघडून, थंड हवेत तोंड घालून, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ तशीच उभी राहिले.