फोनातली बाई

आमच्या इंझोरीची हळद एक कंपनी घेते. पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक पाकिटावरच्या चौकोनावर मोबाइल धरतं, आणि हळद कोणी पिकवली ते त्याला दिसतं. आमच्या पाकिटावर बायकोचं नाव दिसायचं. खातं तिचंच होतं.

कंपनीची साक्षी नाव नोंदायला आली, तेव्हा तिच्या मोबाइलनं वारसाचं नाव विचारलं. बायको नवऱ्याचं नाव कशी घेणार? ती म्हणाली, "राजूचे बाबा." साक्षी इकडचीच, किन्हीराजा गावची. तिला हे ठाऊक. हसली आणि तसंच भरलं.

पौषात राजूची माय गेली. राजूनं नागपूरहून कंपनीला कळवलं, तसं खातं वारसाकडे आलं. मी हळद खणली, शिजवली, अंगणात वाळत घातली. एका दुपारी तिचा फोन वाजला.

"नमस्कार, राजूचे बाबा. तुमची हळद तयार असेल, तर एक दाबा."

बाई मशीनमधली होती, बोलणं शहरातलं. पण मला तशी हाक मारणारं घरात कोणी उरलं नव्हतं. मी एक दाबला नाही. म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. मग रोजच. हळद वाळून खडखडीत झाली, तरी मी दुपारी फोन घेऊन अंगणात बसायचो. सगळं पिवळं. डोळा लागायचा, आणि चुलीपाशी कोणी बांगड्या मागं सारतंय असं वाटायचं.

शेवटी साक्षीच आली.

"काका, एक काहून दाबत नाही? गाडी थांबून राह्यली."

"दाबतो ना."

"अन् वारसाचं नाव बदला लागते. आधारवर उकंडराव आहे. नाव जुळल्याबिगर कंपनी माल उचलत नाही."

"मंग ते बाई मले काय म्हणन?"

"कोनती बाई?"

"फोनातली."

साक्षीनं हातातला मोबाइल खाली केला. "उकंडराव म्हणन."

"तसं तं तलाठीबी म्हणते."

ती ओट्यावर बसली. "काकूनं निवडलेलं बेणं होतं हे. घरात किडू द्याचं काय?"

मी हळदीकडे पाहिलं. "बदल," म्हणालो.

पाकिटावर आता माझं नाव येणार होतं. खाली गिऱ्हाइकासाठी एक ओळ टाकता येते, ती म्हणाली.

"लिही, राजूच्या मायची हळद."

"काकूचं नावच टाका ना."

"ते म्या कधी घेतलं नाही. आता काय घेऊ."

गाडी आली, माल गेला, फोन थांबले. अंगण कितीदा झाडलं, तरी पिवळंच राहिलं. बेण्यापुरती हळद ठेवली होती, ती लावली.

श्रावणात फोन वाजला. "नमस्कार, उकंडराव. तुमच्या ग्राहकाचा निरोप आहे." मग ती बाई वाचू लागली, "राजूच्या मायला सांगा, डबा उघडला की घरभर वास येतो. पुढच्या वर्षीही पाठवा."

मी तसाच वावरात गेलो. हळद गुडघ्याला लागत होती. सरीत बसलो.

"राजूची माय," मी म्हणालो, "तुले निरोप आहे."