राखून ठेवलेलं पेट्रोल

मी धनजच्या जगदेव पाटलांची काळी सायकल. बोलणं माझ्या नशिबात नव्हतं. एकदा मात्र बोलता आलं असतं तर फार बरं झालं असतं. ते राहून गेलं, म्हणून आज सांगतेय.

माझा जन्म विलायतेतला. सुट्या भागांच्या पेटीतून बोटीनं आले आणि कारंज्याच्या एका मिस्त्रीनं मला जोडून उभी केली. आठ वर्षं एका शाळामास्तरांकडे होते. मास्तर मला रोज फडक्यानं पुसत. त्यांची बदली लांब झाली, तेव्हा बेचाळीस सालच्या दिवाळीनंतर त्यांनी मला पाटलांना दिलं.

पाटलांकडे मोटर होती. अख्ख्या धनजमध्ये एकच. हिरवी, पितळी भोंग्याची. पाटील तिच्यात बसून शेतात जात, डाकघरात जात, अर्ध्या कोसावरच्या मळ्यात वांगी आणायलाही मोटरनंच जात. मग लढाई आली आणि पेट्रोल कुपनावर मिळू लागलं. आधी महिन्याला मिळायचं ते अर्ध्यावर आलं, पुढं त्याच्याही अर्ध्यावर. सर्व्हिसच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. त्या चढावर थांबत आणि उतारू खाली उतरून ढकलत.

मला घरात आणलं ते पाटलांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी. बाई कमी बोलायच्या, पण बोलल्या की घर ऐकायचं. त्यांनी ठरवलं की डाक, बाजार, मळा, कचेरी ही सगळी कामं सायकलवर होतील. बायकामाणसांना जायचं असेल तर बैलांची दमणी आहे. कुपनावर मिळेल ते पेट्रोल एका डब्यात साठवायचं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

"कायले ठेवायचं मंग ते?" पाटलांनी विचारलं.

"गावात कोनाचा जीव अडला तं. कारंज्याचा दवाखाना सात कोस हाय. दमणीनं दिवस जाते."

मोटरीचा ड्रायव्हर होता फय्याज. पंचविशीतला, शांत, हात नेहमी तेलकट. मी आले तेव्हा त्याला वाटलं, आता आपली गरज संपली. बाईंनी त्याला सांगितलं की काम तेच, फक्त चाकं दोन. मग त्याने माझी साखळी उकळून साफ केली, ब्रेकला नवे रबर लावले, आणि चार महिने मला जिकडे तिकडे नेलं. मोटर आठवड्यातून एकदा फक्त पुसून ठेवायची, एवढंच. बाकी सायवानात, घराला लागूनच्या छपरीत, ती आणि मी शेजारी उभ्या असायचो. आमच्यामागे फळीवर तो डबा. थोडं थोडं करत होळीपर्यंत तो काठोकाठ भरला.

पाटीलही माझ्यावर बसत, पण फक्त शेतातल्या वाटेवर. समोरून कुणी येताना दिसलं की ते उतरत आणि मला हातानं ढकलत चालू लागत. जणू सायकल फिरायला आणली आहे. माणसाला पाय दुखलेले चालतात, पण कुणी पाहिलेलं चालत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

चैत्र लागला. कस्तुराबाई दोन दिवस माहेरी गेल्या. फय्याजही त्याची गरोदर बायको जमीला हिला तिच्या आईकडे भेटीला घेऊन गेला होता. त्याच दिवशी कामरगावला एका मोठ्या घरचं लग्न होतं. पाटील सकाळपासून अंगणात फेऱ्या मारत होते. मग ते सायवानात आले, डबा खाली घेतला आणि सगळं पेट्रोल मोटरीत ओतलं. मोटर चालवणं त्यांना येत होतं. भोंगा वाजवत गेले, दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. वाटेत आणखी दोन गावं फिरून आले असावेत, कारण मोटर अंगणाच्या तोंडाशीच आचके देऊन बंद पडली. गड्यांनी ढकलून ती आत घेतली.

त्यानंतर पाटलांनी जे केलं ते मी पाहिलं. घागरभर पाणी आणलं, डब्यात ओतलं, झाकण घट्ट बसवलं आणि डबा फळीवर होता तसा ठेवला. पुढचं कुपन आलं की पाणी टाकून पेट्रोल भरायचं, असा त्यांचा बेत असणार. पण त्या महिन्यात कुपन लांबलं.

बाई परत आल्या. डबा हलवून पाहिला, जड लागला. त्यांनी समाधानानं पदर सावरला. फय्याजही जमीलाला घेऊन परतला. मी तिथंच उभी. अठरा दिवस पाटील रोज सकाळी येऊन त्या डब्याकडे बघत आणि निघून जात. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. तो डबा माझ्या चार महिन्यांच्या धावेतून भरला होता, आणि आता त्यात काय आहे ते फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यांतलं एक बोलू शकत नव्हतं आणि दुसरं बोलत नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास सुईण सुलतानबी धावत आल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच हातांवर जन्मलेली. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. जमीलाला पहाटेपासून कळा येत होत्या, मूल आडवं होतं, आणि आता आपल्या हातात काही राहिलं नाही, असं त्यांनी बाईंना सांगितलं. दमणीचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. हिसक्यांनी वाटेतच संपेल म्हणाल्या.

बाई सायवानाकडे वळल्या. फय्याज त्यांच्या आधी पोचला होता. त्यानं डबा उचलला, मोटरीच्या टाकीचं झाकण उघडलं.

पाटील दारात उभे होते. मला वाटलं, आताही हे बोलणार नाहीत.

"ओतू नको," पाटील म्हणाले. "पानी हाय त्याच्यात."

फय्याजला कळलं नाही. त्यानं झाकण काढून वास घेतला, बोट बुडवलं.

"म्या भरलं," पाटील म्हणाले. "पेट्रोल लग्नात गेलं."

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फय्याजनं डबा पालथा केला, पाणी मातीत गेलं, आणि तो माझ्याकडे आला. कामरगावला रऊफभाईंकडे पेट्रोल असेल, मी जातो, म्हणाला. पाटलांनी माझं हँडल धरलं.

"तू तिच्यापाशी थांब. हे मलेच आनू दे."

रिकामा डबा कॅरिअरवर बांधून पाटील निघाले. कामरगाव अडीच कोस. रस्ता मुरमाचा, ऊन डोक्यावर चढत होतं. पाटील जाड अंगाचे, सवय नसलेले. पहिल्याच चढावर त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. समोरून बैलगाड्या येत होत्या, ओळखीची माणसं राम राम करत होती, अचंब्यानं बघत होती. ते उतरले नाहीत. एकदाही नाही.

कामरगावात त्या दिवशी बाजार भरलेला. ऐन गर्दीतून पाटील मला घेऊन घुसले. रऊफभाई कापसाचे व्यापारी. त्यांची लॉरी दुकानामागं ठोकळ्यांवर उभी होती. चाकं टायर बसवायला काढून नेलेली. पेट्रोल मागितल्यावर ते हसले नाहीत, पण आवाज कोरडा झाला.

"पाटील, तुमची मोटर त्या लग्नात पाह्यली. आता तिच्याचसाठी मागून राह्यले का?"

भोवती माणसं थांबली होती. पाटलांनी आवाज खाली आणला नाही.

"लग्नात उडवलं ते गावासाठी ठेवेल होतं. फय्याजची बायको अडली हाय. तिच्या वाट्याचं म्या जाळलं."

रऊफभाई उठले. स्वतः नळी घेऊन लॉरीच्या टाकीपाशी बसले आणि होतं नव्हतं तेवढं डब्यात उतरवून दिलं.

परतीला अर्ध्या वाटेवर बाभळीचा काटा माझ्या मागच्या चाकात शिरला. हवा गेली. पाटील तसेच चालवत राहिले. टायर फाटला, रबर बाजूला लोंबलं, चाकाची लोखंडी कडी दगडांवर आपटू लागली. शेवटी पायडल मारून चाक हलेना, तेव्हा ते मला ढकलत पळू लागले. डबा घसरू नये म्हणून डोक्याचा फेटा सोडून त्यांनी बांधला होता. गावच्या शिवेवर फय्याज आला होता. त्यानं डबा घेतला आणि पळत सुटला. पाटील तिथं रस्त्यातच बसले, माझ्यावर डोकं टेकून.

थोड्या वेळानं मोटर आमच्या बाजूनं गेली. मागच्या बाकावर जमीलाचं डोकं कस्तुराबाईंच्या मांडीवर होतं.

निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी आला. जमीला वाचली. मूल गेलं, मुलगी होती. डॉक्टर म्हणाले होते, दोन तास आधी आणलं असतं तर दोघी राहिल्या असत्या.

पाटील त्या दिवशी चावडीवर गेले आणि सगळं आपल्या तोंडानं सांगून आले. आठ दिवसांनी फय्याज कपडे न्यायला आला. पाटील त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांना माफी मागायची होती, ती राहून गेली. फय्याजच बोलला.

"तुमी सायकलवर गेले नसते, तं जमीलाबी गेली असती. तुमी लग्नाले गेले नसते, तं पोरगी असती. मले यातलं एकबी विसरता येत नाई, पाटील."

तो रऊफभाईंकडे लॉरीवर लागला आणि कामरगावलाच राहायला गेला.

कस्तुराबाईंनी माझं चाक बदलून आणलं. पुढचं कुपन आलं तेव्हा डबा भरला, पण सायवानात ठेवला नाही. सुलतानबींच्या घरी नेऊन दिला. कुणाचा जीव अडला ते त्यांनाच आधी कळतं, म्हणाल्या. लढाई संपेपर्यंत तो डबा तीनदा मोटरीत रिकामा झाला. साप चावलेले गावातले नानाजी त्यामुळे आज हिंडताहेत, आणि दोन अडलेल्या बाया लेकरांसकट सुखरूप घरी आल्या.

आता लढाई संपून चार वर्षं झाली. मोटारी वाढल्या आहेत, भोंगे पुन्हा वाजतात. पाटील मात्र अजून माझ्यावरच बसतात, गावातून, बाजारातून, कुणी पाहत असलं तरी. माझा रंग उडालाय, बसायची गादी दोनदा शिवलीय. चढावर दोघांनाही धाप लागते.

कामरगावच्या रस्त्यावर कधी कधी समोरून फय्याजची लॉरी येते. त्याला नंतर मुलगी झाली, सितारा. एकदा ती पुढं बसलेली दिसली. आम्हाला लांबून पाहिलं की तो लॉरी अगदी हळू करतो, पाटलांवर धूळ उडू नये म्हणून. पाटील एक हात वर करतात. तोही करतो. थांबत मात्र नाही.

जुनी झाले मी, फार दिवस राहिले नाहीत माझे. मला कुणाकडून तेलपाणी नको, रंग नको. फय्याज, एवढंच कर बाबा. एकदा लॉरी थांबव आणि खाली उतर. पाटील माझ्यावरून उतरायला तयार आहेत, सहा वर्षं झाली.