शिवदासचा तिसरा अंक

शिवदासने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला आणि पडद्यावरच्या सासूचं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं.

"या घरात एक तर ती राहील, नाही तर मी!"

सासूने त्याच ठेक्यात बोट उगारलं.

"आता सून चक्कर येवन पडतली," तो बायकोला म्हणाला. "डाक्टर येतलो. नाडी बघून हसतलो."

सून पडली. डॉक्टर आला, नाडी धरून हसला. चंद्रावती खाली बसून तांबड्या भाजीची देठं मोडत होती. तिने रिमोटसाठी हात पुढे केला.

"आवाज सोडा. माका आयकूंक जाय."

"कित्याक? सांगलंय न्हय सगळा?"

"तुमी सांगल्यार रडूं येना."

शिवदासने रिमोट दिला, पण नाक मुरडूनच. अशा बायका आहेत म्हणून असल्या मालिका चालतात, असं त्याचं स्पष्ट मत होतं. सिनेमांचीही तीच गत. जावयाने एकदा हौसेने पणजीला सिनेमाला नेलं, तर याने मध्यंतराआधीच खुनी कोण ते मोठ्याने सांगितलं. पुढच्या रांगेतलं एक कुटुंब उठून दुसरीकडे जाऊन बसलं, आणि जावयाने पुन्हा कधी विचारलं नाही. हे लेखक म्हणजे रवंथ करणारी गुरं, काल खाल्लेलंच आज चघळतात, असं तो येईल-जाईल त्याला ऐकवी. विंगेत उभा राहून सत्तावीस वर्षं त्याने गावच्या जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग केलं होतं. दुसऱ्यांची रद्दी कुजबुजत सत्तावीस वर्षं. यंदा त्याने स्वतःचं नाटक लिहिलं.

नाट्यमंडळाचा अध्यक्ष परेश, धारगळला हायवेवर त्याचं हार्डवेअरचं दुकान. त्याला तलवारींचं ऐतिहासिक हवं होतं. शिवदासने त्याला दोन अंक वाचून दाखवले. एका आईचा मुलगा पंधरा वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेलेला. तिच्याकडे एक ट्रक ड्रायव्हर भाडोत्री म्हणून येतो.

"तोच तिचो झील," परेश म्हणाला.

शिवदास तुच्छतेने हसला. "तुका तसाच वाटतला. तिसऱ्या अंकात बघ."

तिसरा अंक त्याने कुणालाच दाखवला नाही. नटांच्या संवादांच्या नकला चंद्रावती सुवाच्य अक्षरात काढायची, तिलाही नाही. लिहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला. तालमी सुरू करताना देवापुढे नारळ ठेवायच्या दिवशी तर त्याने कहरच केला. देवळात मानाच्या गावकऱ्याने सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, त्यात आपलंही एक वाक्य घालायला लावलं.

"बा देवा म्हाराजा, शिवदासान नाटक लिवलां आसा. तेचो तिसरो अंक कोणीय आधी वळखलो, तर तो नाटक माघारी घेतलो."

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप ओरडला. परेश जरा जास्तच जोरात.

नाटकातली नटी बाहेरून आणायची, हा तिथला रिवाज. ती येते एकाच तालमीला. आपली नक्कल घरीच पाठ करते, हंगामभर गावोगाव उभी राहते आणि पुढल्या गावाची बस पकडते. यंदा आईच्या कामाला कुडाळची पूजा नावाची नटी होती. दोन अंकांच्या नकलेचे फोटो तिला मोबाइलवर पाठवलेले. तिसरा अंक शिवदास तालमीतच सगळ्यांना वाचून दाखवणार होता.

रविवारी सकाळी सभामंडपात तालीम लागली. दुसरा अंक संपला. चंद्रावतीने बायकांबरोबर चहा आणि पाव वाटले. शिवदास खिशावर हात ठेवून मुद्दाम सावकाश चहा पीत होता. एवढी वर्षं थांबलेल्याला पाच मिनिटं जास्त नव्हती. पूजाने घड्याळ पाहिलं. दुपारी तिला वाळपईला दुसरी तालीम होती.

"चला, तिसरो करूया," ती म्हणाली आणि ताट घेऊन उभी राहिली. भाडोत्र्याचं काम करणारा रुद्रेश अर्धा पाव तोंडात घेऊन पाटावर जाऊन बसला. काही कळायच्या आत तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

"जेव," ती म्हणाली. आवाज एकदम खाली उतरला होता. "पंधरा वर्षांपूर्वी डिचोलीच्या वळणावर तुझ्या ट्रकखाली आला, तो माझा मुलगा. तू दारात उभा राहिलास त्याच दिवशी मला कळलं. जेव. बांगडा गार होईल."

रुद्रेशला पाव गिळवेना. खांबाजवळ बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शिवदासच्या कागदावर बांगड्याच्या जागी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची आमटी होती. एवढाच काय तो फरक.

पूजा लगेच आपल्या आवाजात आली. "फुडली पानां माझ्या मोबायलात येवंक नाय, म्हणान अंदाजान केलंय. चुकला काय काकानू?"

"अंदाजान?" रुद्रेशने विचारलं. "कसो काय?"

"आयेन दोन अंकांत तेका एकदाय नाव विचारूंक नाय. म्हणजे तिका म्हायत आसा. आणि झील आसतो तर तेका ट्रक कित्याक चलवंक दिलो?" ती हसली. "यंदाच्या हंगामातलो हो माझो चौथो डायवर."

शिवदासला वाटलं, कुणीतरी भर मंडपात आपलं धोतर फेडलं. चौथा! तीन लोकांनी हे आधीच चघळून टाकलं होतं, आणि तो मात्र खिसा सांभाळत बसला होता.

परेश हळूहळू उठला. त्याला गाऱ्हाणं आठवलं होतं. "शिवदासबाब, हो तुमचो अंक काय?"

गाभाऱ्यात समई जळत होती. शिवदासने तिकडे पाहायचं टाळलं. हो म्हटलं की नाटक गेलं, नाटकाच्या जाहिरातीच्या फळ्यावरचं नाव गेलं, आणि उद्यापासून धारगळच्या नाक्यावर पोरं त्याला बघून पुढचं वाक्य सांगणार.

"नाय," तो म्हणाला. "माझो वेगळो."

"मगे वाचा."

खिशावरचा हात तिथेच राहिला. "वाचून काय करू? हो बरो आसा. माझ्यापरस बरो. होच घेवया."

मग गाऱ्हाणं घालणारा म्हातारा गावकरीच पुढे आला आणि त्याने शिवदासच्या पाठीवर हात ठेवला. स्वतः लिहिलेला अंक पोरीसाठी बाजूला ठेवणारा लेखक आपण आयुष्यात पाहिला नाही, असं तो म्हणाला. परेशचे तर डोळेच भरून आले. त्याने तिथूनच फळा रंगवणाऱ्याला फोन लावला.

"लेखक शिवदास. तेच्या खाला बारीक लिव, तिसरो अंक पूजा, कुडाळ."

पूजा लाजली. बॅग खांद्याला लावून निघता निघता ती शिवदासपाशी आली. "तुमचो खराच वेगळो आसतलो काकानू. कधीतरी धाडा माका. आमका तीच तीच कामां करून कंटाळो येता."

"धाडतलंय," शिवदास म्हणाला.

घरी जाताना तो पुढे आणि चहाची रिकामी किटली घेऊन चंद्रावती मागे. शेतातली वाट संपली. एवढं सगळं होऊन बायको बोलत कशी नाही, याचंच शिवदासला आता भय वाटू लागलं.

"रडलंस मां?" त्याने शेवटी विचारलं.

"रडलंय. बरी करता ती." तिने किटली या हातातून त्या हातात घेतली. "ती म्हणताली तेच्या एक शबूद फुडें तुमचे ओंठ चलताले."

शिवदास थांबला. ती थांबली नाही. त्याच्या बाजूने पुढे गेली आणि मागे न बघता म्हणाली,

"प्रयोगाक तुमका शाल घालून पयल्या रांगेत बसयतले. थंय ओंठ मिटून बसा."