तीनच्या बोटीआधी

आमच्या कुगा बेटावरून विमानाने कुठे जायचं तर आधी काट्यावर उभं राहावं लागतं. माणूस, पिशवी, छत्री, सगळ्यासकट. विमान एवढंसं, नऊ सीटचं, आणि धावपट्टी सुरू होते न होते तोवर समुद्र लागतो. वजन कळल्याशिवाय कॅप्टन हलत नाही. काट्यापाशी मी असतो, म्हणून बेटावरच्या बायका मला वचकून असतात. खरा आकडा मी गुपचूप लिहितो, तोंडाने मात्र भलताच ओरडतो.

"एकशे दहा!"

"मागोशी, मेल्या, जीभ झडो तुझी," पोस्टातल्या हिसाएबाई ओरडल्या. मागे सगळे खिदळले.

त्यांच्यामागे किनूआजी. ऐंशी उलटलेल्या, वाळक्या मासळीसारख्या हलक्या. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"आजी, काटा हललाच नाही. उडी मारा बघू जरा."

"दार घट्ट लाव म्हणजे झालं. नाहीतर वाटेत उडून जाईन मी."

"कुठे दौरा?"

"पलीकडे, हामोरोला. सहज."

सगळे चढून बसले आणि वारा पडला. एकदम ठप्प. उकाडा तर असा की डांबराला वास सुटलेला. समोरून वारा नसेल तर भरलेलं विमान आमच्या धावपट्टीवरून उचलत नाही. कॅप्टन तातेइशी खाली उतरला, आभाळाकडे बघून चुकचुकला आणि म्हणाला, "एक जण कमी करावा लागेल."

आता अशा वेळी आमच्याकडे भांडण होतं, पण ते उलटं. जो तो म्हणतो, मी उतरतो.

"मी उतरते," हिसाएबाई म्हणाल्या. "दातच तर दाखवायचाय, उद्याही दुखेल तो."

"छे छे, मी उतरतो," शाळेतले नेझू मास्तर म्हणाले. मास्तर रजा टाकून मासे धरायला निघालेले. तोंडाने उतरतो उतरतो म्हणत होते, पण गळांची पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हते.

हा घोळ चालू असताना किनूआजी कधीच खाली उतरून आमच्या बेटाच्या रिवाजाप्रमाणे नमस्काराला कमरेत वाकल्या होत्या. "तुम्ही जा हो. माझं काही काम नाही. मी दुपारच्याने जाईन."

सगळ्यांनी 'अहो नको, अहो नको' केलं आणि बसून राहिले. मीच दार लावलं. विमान हामोरोला जाऊन, तिथून पुढे मुख्य बेटावर जाऊन, दुपारी परत येणार होतं.

मी आजींना चहा नेऊन दिला आणि शेजारी टेकलो.

"खरं सांगा आजी, पलीकडे कोण म्हातारा वाट बघतोय?"

"म्हातारीच आहे. बहीण माझी, सुएनो," त्या म्हणाल्या. "आज तीनच्या बोटीने नेतायत तिला. मोठ्या इस्पितळात."

"परत कधी येणार?"

आजी चहावर फुंकर घालत राहिल्या. "आता कसली परत येतेय?"

माझा चेहराच पडला. "मग मघाशी बोलला का नाहीत? सगळेच्या सगळे उतरले असते की!"

"म्हणून तर नाही बोलले. प्रत्येकाचं काही ना काही असतं रे. माझ्यापायी कशाला कुणाचं अडायचं?"

"निदान फोन तरी लावू."

"तिला ऐकू कुठे येतं? दहा वर्षं झाली. तोंडाकडे बघते, ओठ हलले की हसते. फोनवर काय बघणार?"

मी आत पळालो आणि वायरलेसवर कॅप्टनला निरोप पाठवला. त्याने मुख्य बेटावर जेवणसुद्धा टाकलं आणि वेळेच्या बऱ्याच आधी विमान परत आणलं. पण तोवर हामोरोवर धुकं चढलेलं. धुकं असलं की आम्ही पाटी लावतो: 'उतरता न आल्यास विमान परत येईल.' दुपारच्या विमानाला आलेले बाकीचे पाटी बघून घरी गेले. आजी एकट्याच उभ्या.

"मागोशी, चल तूही," कॅप्टन म्हणाला. "सोबत हवी त्यांना."

हामोरो आलं म्हणजे नुसता पांढरा ढीग आला. बेटाचं टेकाडसुद्धा दिसेना. कॅप्टनने एक घिरटी घातली, खाली गेला, पुन्हा वर आला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्या वेळी क्षणभर काळे खडक दिसले, मी "दिसलं!" म्हणून ओरडलो आणि पुन्हा सगळं पुसलं गेलं.

"अजून एकदा बघतो," कॅप्टन म्हणाला.

"पुरे हो," आजी म्हणाल्या. "तुम्हाला घरी जायचंय."

तीन वाजून गेले होते. कॅप्टनने विमान वळवलं. थोडं पुढे आलो तर धुकं संपलं आणि खाली बोट दिसली. मागे लांबलचक पांढरी रेघ ओढत चाललेली. कॅप्टनने विमान खाली घेतलं आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पंख हलवले. वरच्या मजल्यावर चार-दोन माणसं होती, त्यांनी हात केले.

आजींनी काचेला कपाळ टेकवलं.

"यांच्यात नसणार ती," त्या म्हणाल्या. "तिला आत आडवी ठेवली असेल. छत दिसत असेल."

 

आजी काचेवर ओठ हलवून काहीतरी बोलल्या. इंजिनाच्या आवाजात मलाही ऐकू आलं नाही. बोट मागे पडली तशी त्यांची मान वळत गेली, आणि मग वळायची राहिली.

"मोठी आहे बोट," त्या म्हणाल्या. "फार हलणार नाही."

कुगाला उतरल्यावर त्या कॅप्टनपुढे वाकल्या, मग माझ्यापुढे.

"फुकट हेलपाटा पडला तुम्हाला," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं."

"आजी, असं नका हो म्हणू," मी म्हटलं.

पण त्या बराच वेळ तशाच वाकून होत्या.