फोनचं झबलं

लेकीचा फोन वाजायचा तो एवढासाच. चिमणीनं खिडकीत एकदा चिवचिवावं आणि भुर्रकन उडावं, तेवढाच. टेलरबाई मशीनवरचा पाय काढून फोनकडे हात नेईपर्यंत लेकीचं नाव गेलेलं असायचं. खाली लाल अक्षरं यायची, कॉल नाकारला.

"मी कुठं नाकारला?" ती फोनलाच विचारायची. "तुला कुणी सांगितलं नाकारायला?"

फोन गप्प. आणि विचारणारीचंही तोंड मग उतरायचं, कारण सांगणारं तोंड तिचंच होतं.

लेकीनं दूरच्या शहरातल्या नोकरीला होकार आधी कळवला आणि आईला मागून सांगितलं, हे टेलरबाईला लागलं होतं. निघायच्या दिवशी बॅगेची चेन ओढता ओढता लेक म्हणाली, "पोचल्यावर फोन करते." आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "नको करूस. माझं काही अडत नाही." चुकीची शिवण उसवता येते. बोललेलं कुठून उसवायचं?

त्याच आठवड्यात चादरीला टीप मारताना कापड सरकलं आणि कापडाबरोबर फोनही फरशीवर आला. काचेवर कोळ्याचं जाळं उठलं. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्यानं नवी स्क्रीन बसवून दिली. घरी आणल्या आणल्या टेलरबाईनं फोनला अंगरखा शिवला. आत कापूस, वर मऊ सुती कापड, आणि स्क्रीनच्या चारी कडांवर चढेल असा घट्ट गोट. त्याला ती झबलं म्हणायची. "आता पड बघू कुठं पडतोस ते," म्हणून तिनं त्याला थोपटलंही.

आणि तेव्हापासून फोनच्या अंगात आलं. लेकीला लावावा तर गॅसवाल्याला लागायचा. लेकीचा आला तर आपला आपण कापला जायचा. शेवटी लेकीचा मेसेज आला, 'कळलं. आता नाही करत फोन.' उत्तर लिहायला बोट टेकवलं, तर 'टटटटट' अशी अक्षरं उठली आणि तशीच निघूनही गेली. लेकीनं ते वाचल्याची खूण आली. मग काही नाही. शेजारणीच्या फोनवरून लावावा, तर घरातलं भांडण जिन्यात जायचं.

मोबाईलवाल्याकडे ती दोनदा जाऊन आली. माप द्यायला आलेल्या बाईनं स्वेटर काढून उभं राहायचं, हा टेलरबाईचा दुकानातला नियम. तोच तिनं इथं पाळला. घरूनच झबलं काढून फोन मोकळ्या अंगानं न्यायची. मोबाईलवाला स्क्रीनवर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "मावशी, लोण्यासारखी चाललीय. तुमचा हात ओला असेल."

"माझ्या हाताला चाळीस वर्षं सुई कळते, ओला-कोरडा कळणार नाही?"

तिसऱ्यांदा ती तशीच उठून गेली, झबल्यासकट. मोबाईलवाला दुसऱ्याच कुणाच्या फोनचं पोट उघडून बसला होता. ती पिशवीत हात घालतेय तोवर म्हणाला, "थांबा, मीच रिंग देऊन बघतो." त्यानं आपल्या फोनवरून नंबर लावला. पिशवीतून एक चिवचिव, आणि शांतता.

"कापलात कशाला?"

"अरे, मी अजून हातसुद्धा लावला नाही."

त्यानं मान वर केली. "बाहेर काढा बरं. हे काय घातलंय त्याला?"

"झबलं."

मोबाईलवाल्यानं गोटाची कड नखानं उचलली. स्क्रीनवर आपोआप चाललेली थरथर थांबली. सोडली, तशी पुन्हा सुरू झाली. त्याला हसू आलं, पण बाईचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"शिवण छान आहे हो. पण कडेला फार आवळलंय. याला वाटतंय, कुणीतरी सारखं बोट दाबून धरलंय. आणि चूक एकट्या झबल्याची नाही, माझी स्क्रीनही कडेला केसभर वर बसलीय. ती मी बसवून देतो."

टेलरबाई स्टुलावर बसली. पडू नये म्हणून आवळलं, आणि त्यानंच... पुढचं तिनं मनातही पुरं केलं नाही.

"तोवर माझ्यावरून लावा," म्हणून त्यानं आपला फोन पुढं केला. तिनं लेकीचा नंबर लावला.

"हॅलो, कोण?" लेकीचा आवाज.

"मी. ठके, फोन ठेवू नकोस."

पलीकडचा रहदारीचा आवाज कमी झाला, लेक आडोशाला आली असावी. मग, "तूच कापत होतीस ना?"

"मी नाही गं. फोन."

"फोन आपणहून कापतो? आणि 'टटटटट' पण फोनच म्हणाला? मला वाटलं, चिडवतेयस."

मोबाईलवाला कामातून मान न काढता मोठ्यानं म्हणाला, "ताई, खरंय ते. फोनला आईनं झबलं घातलं होतं, घट्ट."

पलीकडे लेकीला हसू फुटलं, आणि हसता हसता आवाज ओला झाला. "मला वाटलं, तू म्हणालीस ते खरंच."

"ते मात्र फोन नाही बोलला," टेलरबाई म्हणाली. "ते मीच. अडतं गं माझं. रोज अडतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "तुझ्या फोनवर करते. बघू या, कापतेस का."

मोबाईलवाल्यानं स्क्रीन बसवून फोन तिच्या तळहातावर ठेवला. उघडा, हलका. लगेच वाजला. पहिली चिवचिव झाली, दुसरी झाली, तिसरीही. लेकीचं नाव जागचं हललं नाही. टेलरबाई बघत राहिली.

"उचला की मावशी," मोबाईलवाला म्हणाला. "तिला वाटेल, पुन्हा..."

"उचलते रे," ती म्हणाली. "जरासा वाजू दे."